गोशाळेत नवं ढोर आलं की पहिले २१ दिवस: आधी काय, नंतर काय, मुळीच काय नाही

माझ्या पाहण्यात गोशाळेत आलेलं जनावर दगावलं तर ते बहुतेकदा पहिल्या आठवड्यातच दगावतं. वाटेतले हाल सोसून ते जिवंत उतरलेलं असतं, आणि मग आपण मायेनं त्याच्यापुढे टोपलं ठेवतो. त्यात ढेप, पोळ्या, लग्नातलं उरलेलं, केळी असं सगळं असतं. उपाशी पोटाला आधी काय द्यायचं आणि काय थांबवून ठेवायचं, हा क्रम इथे चुकतो. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या गोशाळांत मी हात लावतो, तिथे दरवर्षी नवी पोरं कामाला येतात आणि त्याच चुका पुन्हा होतात. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

पोलिसांनी पकडलेल्या गाडीतली, कोणी आणून सोडलेली किंवा रस्त्यावरून उचललेली गाय-बैल-वासरं डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. बाजारातून नवं जनावर आणून दावणीला बांधणाऱ्यालाही यातलं बरंच लागू पडतं.

## १. गाडी येण्याआधी

गाडी सांगून येत नाही, आणि आली तर बहुधा रात्री येते. तेव्हा तयारी कायमच हवी.

नव्या जनावरांसाठी वेगळा वाडा ठेवा. त्याची गव्हाण, हौद, बादल्या, पाट्या, खराटा हे सगळं वेगळं असू द्या. जुन्या कळपाच्या हौदातून पाणी पाजलं, तर बाकीचं वेगळं ठेवण्याला काही अर्थ उरत नाही. खाली मुरूम आणि त्यावर काडाचा जाड थर टाका. गुळगुळीत फरशीवर अशक्त जनावराचे मागचे पाय फाकतात, आणि एकदा फाकले की ते उठत नाही.

एका पेटीत एवढं तयार ठेवा: थर्मामीटर, टिंक्चर आयोडीन, हातमोजे, मऊ सुती दोर, दोर कापायची कात्री, शिंप्याची टेप, बॅटरी, वही-पेन. पेटीच्या झाकणावर जवळच्या पशुवैद्यकाचा नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल-फ्री नंबर ठळक लिहा.

तपासा: कोरडी, बुरशी नसलेली कडबाकुट्टी किमान दोन दिवस पुरेल एवढी वेगळी ठेवली आहे का? दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा असेल तर उत्तम. ओल खाल्लेला, काळा पडलेला कडबा नव्या जनावराच्या वाट्याला टाकू नका.

## २. गाडीतून उतरवणं

गाडीचं फाळकं ज्या उंचीवर आहे, त्या उंचीचा ओटा किंवा मातीचा बांध करून ठेवा आणि गाडी मागे घेऊन त्याला टेकवा. ओटा नसेल तर कडब्याच्या पेंढ्या रचून उतार करा. उडी मारायला लावली, की बैलाचा खुबा निखळतो किंवा गाभण गाय पोटावर पडते.

शेपूट पिरगाळणं, डोळ्यांत तिखट घालणं, काठीनं टोचणं हे चालू असेल तर तिथल्या तिथे थांबवा, करणारा कोणीही असो. आधी उभी असलेली जनावरं शांतपणे उतरू द्या. खाली पडलेली शेवटी घ्या, पण ती तुडवली जाणार नाहीत असा एक माणूस आत उभा ठेवा. पडलेल्या जनावराला दोराने ओढू नका. ताडपत्री किंवा जुनं फाळकं त्याच्या अंगाखाली सरकवा आणि चौघांनी धरून खाली घ्या.

उतरल्यावर पहिलं काम म्हणजे दोर मोकळे करणं. गाडीत मुंडकं वर बांधलेलं असतं, वेसण ताणलेली असते. वासरांच्या मानेत नायलॉनची दोरी कातडीत रुतलेली असू शकते. केसांखाली ती दिसत नाही, बोटानेच चाचपावी लागते.

इशारा: वेसणीला धरून जनावर बांधू नका, कधीच. रात्री घाबरून मागे ओढलं तर नाकपुडी फाटते. गळ्यात रुंद सुती दावं घाला आणि वेसण सैल सोडा.

## ३. पाणी: पहिले दोन तास

चाऱ्याच्या आधी पाणी द्या, पण एकदम पोटभर नाही. दोन दिवस तहानलेलं जनावर हौदाला तोंड लावून तीस-चाळीस लिटर एका दमात ओढतं आणि त्यातून त्याला त्रास होतो. वासरांना तर जास्तच. मोठ्या जनावराला आधी ५ ते ८ लिटर द्या, अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच. असं तीन-चार वेळा झालं की मग हौद मोकळा ठेवा. पशुवैद्यकांनी दिलेली क्षारांची पुडी असेल तर ती पहिल्या दोन बादल्यांत घाला.

पाण्यात आधी स्वतःचा हात घाला. मे महिन्यात भुसावळ-यावलकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि उन्हात पडलेल्या पाइपातून येणारं पाणी हाताला चटका देतं. जनावर तोंड लावून मागे हटतं आणि आपण म्हणतो, "त्याला तहानच नाही." हौद सावलीत हवा. पाइपातलं पहिलं पाणी वाहून जाऊ द्या.

उन्हाळ्यात मोठ्या गाईला किंवा बैलाला दिवसाला ५० ते ७० लिटर पाणी लागतं. दहा जनावरांच्या वाड्यात दोनशे लिटरचं एक पिंप ठेवून भागत नाही.

## ४. पहिली नजर आणि नोंद

पाणी चालू असताना दुरून बघा, हात नंतर लावा. श्वास मोजा. स्वस्थ गाईची बरगडी मिनिटाला १५ ते ३० वेळा हलते. उन्हात हे वाढतंच, पण साठ-सत्तरच्या पुढे गेलं आणि तोंड उघडं, लाळ गळतेय असं असेल तर तो उष्माघाताचा धोका समजा. ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइटपर्यंत ठीक. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट न होता उभीच राहिली तर पाणी फार कमी झालेलं आहे. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. तो गुलाबी हवा. पांढुरका असेल तर गोचिडातून येणारा ताप किंवा जंत, दोन्हींची शंका घ्या. तोंडात, खुरांच्या बेचक्यात फोड आहेत का, अंगावर गाठी आहेत का, हेही बघून घ्या.

मग वहीत लिहा: तारीख-वेळ, वर्ण, शिंगं, अंदाजे वय, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, जखमा, गाभण आहे का. दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गाडी पोलिसांनी पकडलेली असेल तर जनावर हा मुद्देमाल असतो. न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत ते कोणाला देता येत नाही, आणि त्याच्या प्रकृतीचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो.

वजनही त्याच दिवशी काढा, कारण औषधाची मात्रा वजनावर असते. काटा लागत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजा, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ६० आणि लांबी ५० आली तर सुमारे २७३ किलो.

इशारा: जंताचं औषध पहिल्या दिवशी देऊ नका. खंगलेल्या जनावराला आधी चार-पाच दिवस खाऊ-पिऊ द्या, मग पशुवैद्यकांना विचारून द्या.

## ५. चारा: पहिले दहा दिवस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

गाईच्या मोठ्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्म जीव असतात. उपासमारीत ते घटतात, आणि कोरड्या चाऱ्यावर वाढलेले जीव धान्य आलं म्हणून एका दिवसात बदलत नाहीत. अशा पोटात पोळी, भात, मका, ढेप, गूळ, पिकलेली केळी असं पिठूळ किंवा गोड एकदम गेलं, की ते आंबतं. पोटात आम्ल इतकं वाढतं की अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं. बाहेरून पोट भरलेलं दिसतं आणि डोळे आत जातात.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे नऊ गाई उतरल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जवळच्या लग्नातून दोन टोपल्या बट्ट्या आणि वरणाचं पातेलं आलं. आमचा जुना सालदार आप्पा म्हणाला, "भाऊ, तेस्ले आते फक्त पानी पाज, पोया-बट्ट्या नको चारू." मी ऐकलं नाही. गाई अशा तुटून पडल्या की बघून बरं वाटलं. सकाळी तांबडी गाय भिंतीला डोकं लावून उभी होती, दात करकर वाजत होते. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळगीवर) तळहात ठेवून जरा दाबलं, तर आत पखालीसारखं पाणी डुचमळलं. शेण राखाडी, पातळ, आंबूस वासाचं. डॉक्टर आले, सलाइन लावली, सोडा दिला. ती आणि आणखी एक गेली. बाकीच्या वाचल्या, कारण टोपलीपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या.

अंदाजे २५० ते ३०० किलोच्या जनावरासाठी मी आता हा क्रम धरतो:

पहिला दिवस: फक्त कोरडी कुट्टी. एकूण २ ते ३ किलो, चार वेळा विभागून. बाकी काही नाही.

दुसरा-तिसरा दिवस: कुट्टी ४ किलोपर्यंत. खाणं आणि रवंथ नीट असेल तरच थोडी हिरवी वैरण, ३ ते ५ किलो, कुट्टीत मिसळून.

चौथा ते सातवा दिवस: हळूहळू पूर्ण पोटावर. जनावराला दिवसाला वजनाच्या सुमारे २ ते २.५ टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ३०० किलोला ६ ते साडेसात किलो. पाचव्या दिवसापासून खनिज मिश्रण ३० ते ५० ग्रॅम आणि मूठभर मीठ. ज्यांना प्लास्टिक, माती, चिंध्या चघळायची सवय लागलेली असते, त्यांची ती खोड बऱ्याचदा यानेच कमी होते.

आठव्या दिवसापासून: ढेप किंवा कोंडा पाव किलो. दर दोन-तीन दिवसांनी पाव किलो वाढवा, एक किलोवर थांबा. काम न करणाऱ्या, दूध न देणाऱ्या जनावराला त्याहून जास्त लागत नाही.

तपासा: डाव्या भकाळीत मूठ दाबून ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. पोटाची लाट मुठीला उचलताना जाणवली पाहिजे, दोन मिनिटांत दोन-तीन वेळा. लाट नाही म्हणजे चारा वाढवायचा नाही.

### दान म्हणून येणाऱ्या गोष्टींचं काय करायचं

केळी. रावेर-यावल-चोपड्याकडे भाव पडला की ट्रॉलीच्या ट्रॉली केळी गोशाळेत ओतली जातात. देणाऱ्याचा भाव चांगला असतो, पण फळात पिठूळ आणि साखर भरपूर. स्थिरावलेल्या मोठ्या जनावराला दिवसाला एक-दोन किलो पुरे, नव्याला पहिले दहा दिवस अजिबात नाही. खांब आणि पानं चालतात, पण खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तेव्हा तो कुट्टी करून कडब्यासोबत द्यावा, कडब्याऐवजी नाही. आणि ट्रॉली हाताने निवडून मगच रिकामी करा. घडाला घातलेल्या स्कर्टिंग बॅगा, नायलॉनची सुतळी यांचे तुकडे पानांत गुंडाळलेले असतात. ते एकदा पोटात गेले की बाहेर पडत नाहीत, पोट फाडूनच काढावे लागतात.

कोवळी ज्वारी आणि खोडव्याचे (कापणीनंतर पुन्हा फुटलेले) फुटवे. यात सायनाइडचं विष असतं, आणि पावसाने ताण दिला असेल तर जास्तच. रिकाम्या पोटी खाल्लं तर जनावर काही मिनिटांत धाप लागून पडतं. फुलोऱ्याच्या आधीची हिरवी ज्वारी परत पाठवा. पूर्ण वाळलेल्या कडब्याला ही भीती नाही.

कपाशीच्या शेतातलं गवत. फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

आखाजीची (अक्षय तृतीयेची) पुरणपोळी, गोग्रास, लग्नाचं जेवण. येणाऱ्याला नाराज करायचं नसतं. मी दारातच एक कोरडी टोपली ठेवली आहे. पोळ्या तिथे घेतो, वाळवतो, आणि जुन्या धडधाकट जनावरांत अर्धी-अर्धी वाटतो. आमरस, भात, वरण, बुंदी आत जात नाही. ज्यांना हाताने घास भरवायचा आहे त्यांच्यासाठी शेजारी हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या ठेवल्या आहेत. सहसा कोणी हट्ट धरत नाही.

### आंबण झालीच तर

खाल्ल्यापासून साधारण बारा ते छत्तीस तासांत लक्षणं दिसतात: रवंथ बंद, दात खाणं, झोकांड्या, पातळ आंबूस शेण. समोरचं सगळं खाणं ताबडतोब काढा, डॉक्टरांना बोलवा, काय आणि किती खाल्लं ते नेमकं सांगा. चालू शकत असेल तर हळूहळू फिरवत ठेवा.

इशारा: पोट फुगलं म्हणून तेल, ताक, गुळाचं पाणी पाजू नका. ताक आंबट, गूळ गोड, दोन्हींनी आगीत भर पडते. कोणतंही औषध नाळीनं किंवा बाटलीनं पाजताना मान उंच करून जीभ ओढली, तर ते फुप्फुसात जातं. खोकला आला की ताबडतोब मान सोडा.

## ६. एकवीस दिवस वेगळं

कमीत कमी २१ दिवस, लम्पीची शंका असेल तर २८. २०२२च्या साथीत राज्यातला लम्पीचा पहिला प्रादुर्भाव ऑगस्टमध्ये आपल्या रावेर तालुक्यातच नोंदला गेला, हे विसरू नका. रोज सकाळी आधी जुन्या कळपाचं काम उरका, नव्या वाड्यात शेवटी जा. उलट केलं तर रोग आपल्याच चपलांना लागून येतो.

या काळात गोचीड काढून घ्या आणि लसीकरण पशुवैद्यकांकडून लावून घ्या: लाळ्या-खुरकुत दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी. तापातल्या किंवा फार खंगलेल्या जनावराला लस टोचायची घाई करू नका.

गाभडलेली गाय असेल तर वार आणि गाभ उघड्या हाताने उचलू नका. गाय गाभडवणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाचे जंतू माणसालाही लागतात, आणि महिनोन् महिने ताप सोडत नाही. हातमोजे घाला, चुना टाकून खोल पुरा.

## ७. जागा, दावं, ऊन

मोठ्या गाईला छताखाली सुमारे साडेतीन चौरस मीटर आणि मोकळ्या अंगणात त्याच्या दुप्पट जागा हवी. गव्हाणीवर प्रत्येकीला दोन ते अडीच फूट. यात बसत नसेल तर पुढची गाडी नाकारा. नकार देताना जीव तुटतो, पण चाळीसच्या जागेत सत्तर कोंबली की सगळ्यांचेच हाल होतात.

शक्य तिथे मुक्तसंचार ठेवा. बांधायचंच तर दावं इतकं लांब हवं की जनावर आडवं बसून मान वळवून स्वतःची कूस चाटू शकेल. अवाजवी आखूड दाव्यावर जास्त वेळ बांधून ठेवणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि तो गोशाळेलाही लागू आहे.

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बारा ते पाच भट्टी होते. पत्र्याला बाहेरून चुना मारा, आतून बांबूच्या चटया लावा, पश्चिमेकडे ओली गोणपाटं टांगा. पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या टाकल्या तर गारवा येतो, पण वीजतारेखाली असेल तर नको, एका ठिणगीचं काम आहे. चारा पहाटे आणि रात्री द्या. अंगावर पाणी मारलं तर वारा खेळता हवा. पावसाळ्याच्या दमट हवेत नुसतं भिजवून काही साधत नाही. उष्माघातात डोकं, मान, पायांवर सतत पाणी सोडा, नाकातोंडात ओतू नका.

हिवाळ्यात धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो. वासरांच्या अंगावर गोणपाट, खाली काड. एवढं पुरतं.

## ८. बसून राहिलेलं जनावर

जे उठत नाही त्याला "आता काय, जाणारच" म्हणून सोडून देऊ नका. खाली एक हात जाड काड घाला, छातीवर नीट बसवा, दोन्ही बाजूंना पोत्यांचा टेकू द्या. दर तीन-चार तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. एकाच कुशीवर पडून राहिलं तर खालचा पाय दबून कायमचा निकामी होतो. पाणी आणि कुट्टी तोंडापाशी ठेवा. दिवसातून दोनदा पट्ट्यावर उचलून उभं करून बघा. शेपटीला धरून उचलायचं नाही.

जखमेत किडे पडले असतील तर वेसणीचं भोक, शिंगाचं मूळ आणि खुरांची बेचकी बॅटरीने बघा, तिथेच ते लपतात. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक वापरू नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती. मेलोक्सिकॅम मिळतं, डॉक्टरांकडून मात्रा घ्या.

## ९. कळपात सोडणं

एकटं जनावर सोडू नका, दोन-तीन एकत्र सोडा. आधी दोन दिवस कुंपणापलीकडून एकमेकांना बघू-हुंगू द्या. सकाळी चारा टाकल्यावर, सगळ्यांची तोंडं गव्हाणीत असताना दार उघडा. वैरण एकाच ठिकाणी न टाकता चार ठिकाणी टाका, म्हणजे शिंगाडी गाय एकाच वेळी चारही जागा अडवू शकत नाही. वळू आणि खच्ची न केलेले गोऱ्हे वेगळेच ठेवा. गोशाळेत नकळत गाभण राहिलेली अशक्त कालवड वेताला बहुधा वाचत नाही.

सोडल्यापासून आठवडाभर रात्री नऊच्या सुमाराला बॅटरी घेऊन एक फेरी मारा. कोणाला उठवू नका, दुरूनच बघा. बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या पाहिजेत. जी नुसतीच डोळे मिटून कोपऱ्यात उभी आहे, तिच्याजवळ जा, डाव्या भकाळीवर मूठ ठेवा आणि दोन मिनिटं मोजा.